वाळूतलं जहाज

जहाज वाळवंटात उभं होतं.

सुवर्णाने मोबाईल बंद केला, पुन्हा चालू केला, अंगणात जाऊन नेटवर्क शोधलं. काही फरक नाही. जहाजं दाखवणाऱ्या नकाशावरचं हिरवं टिंब सकाळपर्यंत निळ्या पाण्यात होतं. ते आता पिवळ्या जमिनीवर जाऊन बसलं होतं, किनाऱ्यापासून चांगलं आत. त्या टिंबात तिचा नवरा होता. तेलवाहू जहाजाच्या इंजिनपाशी काम करणारा पंकज.

याचा अर्थ काय, ते या घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं. मागच्या फोनवर पंकजनेच सांगितलं होतं. आखातातून बाहेर पडायला होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीशिवाय वाट नाही. एका अंगाला इराण, दुसऱ्या अंगाला ओमान, मधे जहाजांची दाटी आणि डोक्यावर लढाई. तिथे कोणीतरी उपग्रहाचे संकेत मुद्दाम बिघडवतं. मग जहाज असतं पाण्यात आणि नकाशा त्याला दाखवतो वाळूत.

"आमालेच समजत नाही आमी कुठं हाव ते," तो हसत म्हणाला होता. "टिंब जमिनीवर दिसलं का समजून घे, आमी ऐन धोक्यात हाव. पण आईले नको सांगू." हसला खरा. पण नवऱ्याचं असलं हसणं बायकोला बरोबर ओळखू येतं.

त्यांचं गाव बोथच्या बाजारपेठेपासून बरंच आत, कापूस आणि ज्वारीचं. गावात समुद्र पाहिलेला माणूस एकच, आणि तो जहाजावर. सुवर्णाचे सासरे महिपत यांच्या लेखी समुद्र म्हणजे सातनाल्याचं धरण, फक्त पलीकडचा काठ न दिसणारं. एवढ्या भांडवलावर ते पारावर बसून लोकांना एडनपासून सिंगापूरपर्यंतची बंदरं समजावून सांगत. लोकही ऐकून घेत. हल्ली मात्र टीव्हीवर बातम्या लागल्या की महिपत वावरात निघून जात.

सासूने, जयवंताबाईंनी, नेम धरला होता. पोराचं जहाज काठाला लागेपर्यंत भाकरीला शिवायचं नाही. परवापासून त्या नुसत्या चहावर होत्या. आणि सासू उपाशी असताना सुनेने जेवायचं नाही, ही घरची रीत. सुवर्णाला सातवा महिना लागलेला. जयवंताबाई रागावल्या, विनवून थकल्या. "तुमी बसा, मंग मी बसतो," याच्यापुढे सून जाईना. खरं सांगायचं तर रीत हे निमित्त होतं. भीतीने तिच्या घशाखाली घासच उतरत नव्हता. आज सकाळी नळावर तिला भोवळ आली, तेव्हा जयवंताबाईंनीच तिला धरून घरात आणलं होतं.

"काय पाहून राह्यली व?"

सुवर्णा दचकली. मोबाईल लपवायला वेळच मिळाला नाही. जयवंताबाईंनी तो हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. नकाशातलं त्यांना एकच कळत होतं, आणि तेही सुनेनेच शिकवलेलं. निळं ते पाणी.

"हे तं पिवळं हाय," त्या म्हणाल्या. "पिवळं म्हंजे जमीन नं?"

सुवर्णाने मोबाईल परत घ्यायला हात पुढे केला.

"बोल नं व. जमीनच नं?"

"हो."

"मंग लागलं माहं पोट्टं काठाले!" जयवंताबाईंनी मोबाईल कपाळाला लावला. "लागलं नं, सुवर्णा?"

खरं सांगावं, तर ही माऊली जागच्या जागी कोसळेल. सुवर्णाने मन घट्ट केलं.

"हो, आत्याबाई. लागलं."

तिकडे तो वाट न दिसणाऱ्या जहाजावर जीव मुठीत धरून उभा असेल, आणि इथे आपण त्याच्या आईला आनंद विकतो आहोत. उद्या काही वाईट कळलं तर या बाईला तोंड कसं दाखवायचं?

"आता काऊन उभी हायस?" जयवंताबाई म्हणाल्या. "वाढ दोघींले. माहा नेम फिटला."

आता नाही म्हणायची सोयच उरली नव्हती. नवरा सुखरूप काठाला लागला असं सांगणारी बाई ताटावर बसून रडत नाही. सुवर्णाने दोन ताटं घेतली. भाकरी, वरण, हिरव्या मिरचीचा ठेचा. सासूच्या समोर बसली आणि जेवायला लागली. मान वर केली नाही. चेहरा पाहून सासूला कळेल, या धास्तीने तिने डोळे ताटातून हलवलेच नाहीत. पहिला घास पाण्याबरोबर गिळला. दुसराही. मग मात्र परवापासूनची भूक खवळून उठली आणि तिची तिलाच लाज वाटली. जयवंताबाईंनी आणखी एक भाकरी तिच्या ताटात टाकली. तीही संपली.

"भरलं पोट?"

"भरलं."

"बरं झालं."

सुवर्णा ताटं उचलायला वाकली, आणि तशीच राहिली. सासूच्या ताटातली भाकरी बारीक कुस्करलेली होती, वर वरण ओतलेलं होतं. त्यातला एक घासही कमी झालेला नव्हता.

"आत्याबाई, तुमी तं जेवल्याच नाही."

जयवंताबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोबाईल त्यांनी दोन्ही हातांनी गच्च धरला होता. टिंबाच्या चारी बाजूंना पिवळंच होतं, निळं कुठेच नव्हतं.

"वाळूत जहाज चालते काय व, सुवर्णा?"