न हलणारी तिपाई

बेळगावच्या कॅम्पातल्या दुकानात उपेंद्रमास्तरांनी कॅमेऱ्याच्या सगळ्या तिपाया मांडून घेतल्या आणि धोतर सावरून एकेकीपाशी उकिडवे बसून उंची पाहू लागले.

"मास्तर, फोटू माणसांचं काढायचं का मुंग्यांचं?" दुकानदार नागोजीनं विचारलं.

"गवतफुलांचे. अगदी जवळून."

"मग ही बुटकी घ्या. जरा सुदिक हलायची न्हाय. इतकी वर्षं कशावर ठिवून काढत हुता?"

"आमच्या मंडळींच्या खांद्यावर. श्वास रोखून बसायची बिचारी, पण ऐन वेळी तिला हसू फुटायचं आणि फोटो हलायचा. मी चिडायचो."

नागोजीनं बुटकी तिपाई फडक्यानं पुसून पुढं केली. मास्तरांच्या पत्नीला, सरोजिनीबाईंना, जाऊन वर्ष होत आलं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

बुटकी तिपाई घेऊन मास्तर कंग्राळीच्या माळावर गेले. फोटो धुऊन आला, तेव्हा त्यात पाकळीवरची लव न् लव दिसत होती. उभ्या आयुष्यात इतका स्वच्छ फोटो त्यांना साधला नव्हता. बराच वेळ ते त्याच्याकडे बघत राहिले. मग तो खणात ठेवून त्यांनी जुने फोटो बाहेर काढले, आणि त्यांतला सगळ्यात जास्त हललेला निवडून चौकट करायला दिला.