बिनकाथ्याचा नारळ

बेट रिकामं करायच्या दिवशी भिवा कुबलांनी पोतंभर नारळ ओढत पाण्यापर्यंत आणले. समुद्र बागेत शिरला होता, आणि लाँचवर रोपं-बियाणं न्यायला सरकारची बंदी होती.

"दर्यो नेतलो तेंका," ते लेकीला, हर्षलाला, म्हणाले. "खंयतरी रुजतले."

त्यांनी एक नारळ पाण्यात सोडला, तो दगडासारखा तळाला गेला. दुसराही गेला.

"ह्यो बुडलो कसो गो? नारळ कधी बुडता?"

"बाबा, काथ्यात हवा असते, म्हणून नारळ तरंगतो." ती म्हणाली. "मी प्रयोगशाळेत नवी जात बनवताना तो काथ्याच काढून टाकला, आत पाणी काठोकाठ भरलं. आता अख्ख्या किनाऱ्यावर हीच एक जात उरलीय."

भिवांनी हातातला तिसरा नारळ परत पोत्यात टाकला.

"नारळ सोलून सोलून तुझ्या आवशीचे हात रक्ताळायचे," ते म्हणाले. "तिच्यासाठीच केलंस मां?"

तिने होकारार्थी मान हलवली. लाँचचा भोंगा वाजला. पोतं तिथेच टाकून त्यांनी तिचा हात धरला, आणि दोघं गुडघाभर पाण्यातून चालू लागली.