आमच्याकडे

"आणि शेवट? शेवट कसा वाटला?" तिने विचारलं.

"आमच्याकडे दोन मतं पडली," तो म्हणाला. "एक मत असं, की नवऱ्याने बायकोला घर सोडून जाऊ द्यायलाच नको होतं. दुसरं, तिची बॅग उचलून स्टँडपर्यंत पोचवली, हेच बरोबर केलं."

"तुमचं कुठलं?"

"बॅगेचं."

तिने कॉफीत साखर घातली. एरवी ती साखर घेत नसे.

ती चष्म्याच्या दुकानात लोकांची नजर तपासायची, तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांची ही पहिलीच भेट होती आणि ती तिच्या मामीने घडवून आणली होती. जोड्या जुळवण्यात मामीचा हात धरणारं कोणी नव्हतं, निदान मामीचं तरी तसं मत होतं. "आधी तुम्ही दोघं बोलून घ्या," तिने फोनवर फर्मावलं होतं, "मग मोठ्यांचं बघू." म्हणून रविवारच्या दुपारी दोघं थिएटरसमोरच्या कॅफेत बसली होती आणि नोकरी, पगार, घर हे सगळं सोडून अलीकडे बघितलेल्या सिनेमांवर बोलत होती.

ही कल्पना तिच्या आईची. स्वतःबद्दल बोलताना माणूस तोलूनमापून बोलतो, पण सिनेमातल्या नवऱ्याबद्दल बोलायला लागला की पोटातलं ओठावर येतं, असं आईचं म्हणणं. संध्याकाळच्या आत आईला हो की नाही ते सांगायचं होतं. नाही म्हटलं तर चार दिवसांची हळहळ. हो म्हटलं आणि चुकलं, तर जन्माचं दुखणं.

"म्हातारा टॅक्सी विकतो, तो बघितलात?" तिने विचारलं.

"बघितला ना. आमच्याकडे नुसती रडारड."

"एवढी?"

"आमच्याकडे नियमच आहे. सिनेमा बघून जो रडला, त्याला त्या दिवशी भांडी माफ."

"मग घासतं कोण?"

"दर वेळी मीच."

"म्हणजे तुम्ही रडत नाही."

"रडतो. पण माझं उशिरा सुरू होतं. तोवर भांडी घासून झालेली असतात."

ती हसली. लगेच हसायचं नाही, असं घरून ठरवून निघाली होती. तिने नजर त्याच्या शर्टाकडे वळवली. इस्त्री इतकी कडक होती की बाहीच्या घडीवर बोट कापलं असतं.

"बाबांनी केली," तो ओशाळून म्हणाला. "आज दोनदा केली."

"माझ्या आईने सकाळपासून कपाट तीनदा आवरलंय," ती म्हणाली, आणि दोघांनाही जरा मोकळं वाटलं.

'आमच्याकडे' हा शब्द मोठा सोयीचा. त्यात सगळं घर मावतं आणि नेमकं कोणी सापडत नाही. दोघंही मघापासून त्याच शब्दाचा आडोसा घेऊन बोलत होती.

"आणि तो कुलपाचा?" त्याने विचारलं. "टीव्हीवर लागला होता तो?"

कपाच्या कडेवरून तिचं बोट फिरत राहिलं.

"आमच्याकडे तो मध्येच बंद केला," ती म्हणाली. "नवरा बाहेरून कुलूप लावून जातो ना, तिथे. पुढे बघवेना." मग तिने एका दमात सांगून टाकलं, "आमच्याकडे एकदा पोळून झालंय. मामीने सांगितलं असेल."

"सांगितलं."

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं. आता तो काय विचारतो, याची ती वाट बघत होती. कोण होता, किती वर्षं सोसलं, चूक कोणाची. लोक हेच विचारायचे.

"उरलेला बघूच नका," तो म्हणाला. "शेवटच्या दहा मिनिटांत तो नवरा सुधारतो म्हणे. मला नाही पटलं."

तिने रुमाल काढला आणि उगाच चष्मा पुसला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "समजा दोघं थिएटरात बसलीत. एकाला सिनेमा आवडतोय आणि दुसऱ्याला उठून जायचंय. मग?"

त्याने काचेतून बाहेर बघितलं. बाहेर खेळ सुटला होता. माणसं डोळे बारीक करत उन्हात येत होती.

"माझ्या आईला बंद जागेत गुदमरायचं," तो म्हणाला. "पण सिनेमाचं वेड भारी. ती होती तोवर बाबा नेहमी दाराजवळच्या खुर्च्या घ्यायचे. ती उठली की तेही उठायचे. कधी कुरकुर नाही की बोलून दाखवणं नाही. कितीतरी सिनेमांचे शेवट बाबांना अजून माहीत नाहीत. मी हेच बघत मोठा झालो. त्यामुळे दुसरं उत्तर मला येत नाही."

तिने मान डोलावली.

"आता मलाही एक विचारायचंय," तो म्हणाला. "खरं खरं सांगा. शिट्टी चालेल?"

"शिट्टी?"

"आमच्याकडे आवडतं गाणं लागलं की शिट्टी वाजते. घरात, जिन्यात, कुठेही. सूर बेताचाच आहे."

"आमच्याकडे गेली काही वर्षं फार शांतता आहे," ती सावकाश म्हणाली. "चालेल. धावेल."

तो मनापासून हसला. निघताना त्याने तिच्यासाठी दार उघडून धरलं, रस्त्यावर येऊन नमस्कार केला आणि उलट्या दिशेने चालू लागला. तो कोपऱ्यावर वळेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग तिने फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता.

"आई, होकार कळव," ती म्हणाली. "ज्या माणसाने असा मुलगा वाढवला, त्याच्याशी तू खुशाल लग्न कर."