बावन्न प्रश्न

"हिरवा," वानेस म्हणाला.

"निळा!" ग्रीतने वहीवर पेन्सिल आपटली. "बायकोच्या ब्रशचा रंग सांगता येत नाही तुला? रोज तिथंच दात घासतोस ना?"

"मी आरशात बघतो. ब्रशांकडे कशाला बघू?"

ओट्यापाशी बटाटे सोलणाऱ्या गोहरला हसू आवरेना. ग्रीतने डोळे वटारले तशी ती पुन्हा बटाट्यांकडे वळली.

ग्रीत ही वानेसची थोरली बहीण. बत्तीस वर्षं गेंट शहराजवळच्या शाळेत शिकवून निवृत्त झाली, पण मास्तरकी काही सुटली नव्हती. भाऊ पावाच्या कारखान्यात भट्टीवर कामाला, आणि त्याला शर्यतीच्या कबुतरांचा भलता नाद. एकूण एक कबुतराच्या पायातल्या कड्याचा नंबर तोंडपाठ, पण बायकोची जन्मतारीख विचारली की हा डोकं खाजवणार. आणि नेमकं ह्याच माणसाला तीन आठवड्यांनी बायकोबद्दल तासभर प्रश्न विचारणार होते.

गोहर आर्मेनियाची. नवरा वारल्यावर दिरांनी तिचं जे काही केलं, त्याला भिऊन ती पळून आली होती. आश्रयाचा अर्ज दोनदा फेटाळला गेला. दीर अजून तिथेच होते, त्याच घरात. इकडे वानेसच्या घरी राहून तिला तीन वर्षं झाली होती, लग्नाला एक. आता राहायचा परवाना मिळाला तर त्याची बायको म्हणून, तोही लग्न खरं आहे असं साहेबलोकांना पटलं तरच. नवरा एका खोलीत, बायको दुसऱ्या खोलीत, प्रश्न तेच. नाही पटलं तर तीस दिवसांत देश सोडायचा.

"मागच्या गल्लीतला तो घानाचा माणूस सासूचं नाव चुकला," ग्रीत बजावत होती. "एक नाव! परत पाठवलं बिचाऱ्याला. तेव्हा मला एकही चूक नको आहे. पुढचा प्रश्न. गोहर कॉफी कशी पिते?"

"हे येतं मला!" वानेस खुर्चीत सरसावून बसला. "काळी, एक चमचा साखर. मीच करून देतो रोज."

गोहरची बटाट्यावरची सुरी थांबली.

"काय गं?" ग्रीतने विचारलं.

"मला बिनसाखरेची आवडते," ती हळूच म्हणाली.

"अगं, तीन वर्षं साखर घालून देतोय मी!"

"हो. आणि तीन वर्षं पितेय मी. तू इतका मन लावून ढवळतोस, मग सांगायचं कसं?"

वानेस तिच्याकडे बघतच राहिला. त्याला भरून आलं, आणि आपल्या बावळटपणाची लाजही वाटली.

"तुमचं गुलुगुलु नंतर," ग्रीत म्हणाली. "वहीत एकच उत्तर पाहिजे. बिनसाखरेची. लिहून घ्या दोघं."

शेवटचं भांडण कशावरून झालं, ह्यावर तर नवं भांडण जुंपलं. तो म्हणे, धुतलेल्या चादरीवर कबुतरं शिटली म्हणून. ती म्हणे, छे, तू माझ्या आईशी फोनवर धड बोलला नाहीस म्हणून. ग्रीतने दोघांना गप्प केलं आणि कबुतरं लिहिली. लक्षात ठेवायला सोपी, म्हणाली.

तीन आठवडे हेच चाललं. वानेस भट्टीसमोर उभा राहून पुटपुटायचा, गोहर वृद्धाश्रमात फरशी पुसताना. पलंगाची डावी बाजू कोणाची, रविवारी सूप कसलं होतं, गुडघ्यावरचा व्रण कशाचा. कबुतरं शर्यतीहून परतायची तेव्हाही वानेस वहीत डोकं घालून बसलेला असायचा. घरात असं ह्याआधी कधी झालं नव्हतं.

ठरलेल्या गुरुवारी कार्यालयात दोघांना दोन खोल्यांत नेलं. वानेससमोर चष्मेवाली तरुण बाई होती, बोलायला अगदी गोड. पहिला प्रश्न आला आणि उत्तर आपोआप तोंडातून बाहेर पडलं. मग दुसरं. मग गाडी जी सुटली ती सुटली. ब्रशापाशी तेवढी त्याची जीभ अडखळली. हिरवा? छे!

"निळा," तो म्हणाला.

बाईंनी कागदावर बरोबरची खूण केली. "वा! सगळं छान लक्षात आहे हो तुमच्या."

"बायको आहे माझी," वानेस छाती फुगवून म्हणाला.

बाहेर बाकावर ग्रीत वही घेऊनच बसली होती. दोघांना पुढ्यात उभं करून तिने एकेक प्रश्न पुन्हा विचारला. तू काय सांगितलंस? आणि तू? शेवटी तिने वही मिटली आणि आयुष्यात पहिल्यांदा भावाची पाठ थोपटली.

"बावन्नपैकी बावन्न!"

तो आडदांड माणूस भर फुटपाथवर रडला. गोहर त्याचे डोळे पुसत होती आणि स्वतःही रडत होती. मग तिघांनी गाडीवरचे बटाट्याचे तळलेले काप घेतले, वर मेयोनीज, आणि उभ्याउभ्याच खाल्ले. पोरगा पास झाल्यासारखी ग्रीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली होती.

सहा आठवड्यांनी पत्र आलं. वानेसच्याने ते उघडवेना. त्याने पाकीट बहिणीकडे दिलं. गोहर दारातच थांबली. ग्रीतने चष्मा लावला आणि वर्गात वाचतात तसं खणखणीत वाचायला सुरुवात केली.

"'नवरा-बायकोला स्वतंत्रपणे बावन्न प्रश्न विचारण्यात आले. बावन्नही उत्तरं तंतोतंत जुळली.'" तिने विजयाने मान वर केली, गोहरकडे बघून हसली, आणि पुढची ओळ वाचायला खाली पाहिलं. मग तिचा आवाज उतरत गेला. "'खरोखर एकत्र नांदणाऱ्या जोडप्यांची दहा-बारा उत्तरं हटकून चुकतात, असा ह्या कार्यालयाचा अनुभव आहे. ह्या दोघांचं एकही चुकलेलं नाही. सबब सदर विवाह बनावट ठरवण्यात येत असून, अर्जदार महिलेने तीस दिवसांत देश सोडावा.'"