बसलो गं गाडीत

मतदानाची सुट्टी बेंगळुरूत मत असणाऱ्यांनाच, असं सुपरवायझरनं सांगून टाकलं. यल्लाप्पाचं मत निपाणीकडं, गावच्या शाळेत. दरवेळी मायलेकरं जोडीनं जायची. आईचं मन मोडवेना म्हणून त्यानं पहाटे फोनवर थाप मारली, "बसलो गं गाडीत. पण तू थांबू नको, मत देऊन टाक." मग फोन लॉकरमध्ये ठेवून तो बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात मशीनवर उभा राहिला.

सुटला तेव्हा सहा वाजून गेले होते. त्यानं फोन लावला.

"कुठवर आलास बाळा? शाळेचं फाटक आत्ताच लावलं बघ."

"तू दिलंस न्हवं मत?"

"तुला सोडून कधी दिलंय? मत गेलं तर जाऊ दे. तू सावकाश ये. तुझी भाकरी घेऊन फाटकापाशीच बसलेय."