निळ्या चिठ्ठीचे उंदीर

"ही तुकडीही तशीच गेली, तर काम बंद करू," असं म्हणून मार्गदर्शक सुदर्शन सर हात धुवायला वळले.

ज्ञानेश्वरीनं ॲप्रन चढवला आणि नवे पिंजरे मांडायला घेतले.

म्हातारे पांढरे उंदीर. अर्ध्यांना वाढीच्या हार्मोनची सुई, त्यांच्या पिंजऱ्यांवर निळी चिठ्ठी; बाकीच्यांना बिनऔषधाची. मग दोनच गोष्टी बघायच्या. वजन वाढतं का? वाट लक्षात राहते का?

सकाळी वजन व्हायचं. मग पाण्याच्या बाटल्या काढायच्या आणि दुपारी तहानलेला एकेक उंदीर लाकडी भुलभुलैयात सोडायचा. टोकाला पाण्याची वाटी.

आधी दोनदा काहीच हाती लागलं नव्हतं. तिची अख्खी पीएचडी आता या तुकडीवर होती.

पिंजरे धुवायला, दाणा घालायला तिचे वडीलच होते. मेंढरं विकून मुंजाबांनी पाचोड गाव सोडलं, तेव्हा तिनंच शब्द टाकून त्यांना इथं कंत्राटावर चिकटवलं. लोकांसमोर ते तिला मॅडम म्हणायचे आणि तिला हसू आवरायचं नाही.

पिंजरे लागले तसे ते जवळ आले.

"यातली आपली कंची?"

"आबा, सगळीच आपली."

"तसं नाय. जिंकायला पाह्यजेत ती."

तिनं निळ्या चिठ्ठ्यांकडं बोट केलं.

त्यानंतर ती हट्टानं कामाला लागली. शहरातच, औरंगपुऱ्यात मावसबहिणीचं लग्न होतं, गेली नाही. ताप अंगात घेऊन सुया टोचल्या.

आणि या वेळी काटा हलला.

निळ्या चिठ्ठीवाले भरू लागले. भुलभुलैयात सोडले की थेट पाण्याशी. बाकीचे आपले कोपऱ्यात मिशा साफ करत बसायचे. सरांनी काटा बदलून पाहिला. आकडे तेच. त्या दिवशी सरांनी स्वतः तिच्यासाठी चहा आणला.

खात्रीसाठी हाच प्रयोग हैदराबादच्या लॅबमध्ये होईल, असं त्यांनी सांगितलं. तिथंही असंच आलं की प्रबंध पुढं जाईल. नाही आलं तर तिच्या आकड्यांवर पुन्हा कुणी विश्वास ठेवणार नाही, हेही सांगितलं.

"असंच येईल, सर," ती म्हणाली. "माझं नाव पणाला लावा."

संध्याकाळी स्कूटीवर छावणी भागातल्या खोलीकडं जाताना तिनं आबांना सगळं सांगितलं. सिग्नलला गाडी थांबली, तसे मागं बसलेले आबा पुढं वाकले.

"तिथं दाणा कोण घालतंय?"

"असेल कुणीतरी."

"मंग त्याला फोन लाव, माय. निळ्या चिठ्ठीवाल्यांच्या दाण्यात मीठ जरा हात सोडून टाक म्हणावं. मेंढरं वजनाला भरावीत म्हणून आपण बाजाराच्या आधी चाटवायचो ना, तसं. मंग बघ, तिथंबी कशी पाण्याकडं पळत्यात."