माशाच्या पोटातून परत

"कोणी मानणार नाही, पण माशाच्या पोटात मी पण राहून आलो," बशीरबाबा म्हणाले, आणि ओट्यावरची पोरं पुढं सरकली.

आत त्यांची बायको जैबुनबी चरख्यावर सुताच्या कांड्या भरत होती. तिनं मान वर केली नाही. दर जुम्म्याला बाबा माग थांबवून मोमीनपुऱ्यातल्या पोरांना नबींचे किस्से सांगत, आणि दर किस्स्याच्या शेपटाला स्वतःला बांधून घेत.

आज धडा तौबेचा, चूक कबूल करून माफी मागण्याचा होता. यूनुस अलैहिस्सलाम आपल्या लोकांवर रागावून निघून गेले. दर्यात माशानं गिळलं. त्या अंधारात ते एकच बोलले, कसूर माझाच. अल्लानं माफ केलं, किनाऱ्यावर आणलं, ऊन लागू नये म्हणून वर भोपळ्याचा वेल उगवला.

"आन् मी? या तुमच्या दादीवर रुसून निघालो. भाजीत मीठ जास्त, बस, एवढंच! इतवारी स्टेशनावर कोळशाच्या डब्यात जाऊन झोपलो, तर बाहेरून कडी लागली. तीन दिवस! डबा नाही गा तो, मासाच. तौबा केली, तवा कुठं गोंदियाले दार उघडलं."

जैबुनबीला तो डबा पाठ होता. पहिल्या वर्षी रिकामा होता, मग त्यात कोळसा आला, गेल्या रमजानात एक सापही निघाला. तिनं सगळं चालवून घेतलं. डोक्यावरच्या कडीला सुताच्या लडी लोंबत होत्या. कडी पाळण्याची. सोळा वर्षं त्या कडीनं सूतच पेललं होतं.

"बाबा," धाकटी शमीम म्हणाली, "अल्लानं तर माफ केलं. दादीनं केलं काय?"

"काहून नाही? दारातच पाय धरले मी तिचे. ढसाढसा रडलो. ती म्हणे, उठा, केलं माफ. विचार तिले!"

सोळा वर्षं जे ऐकायला ती थांबली होती, ते बाबांनी पोरांना वाटून टाकलं होतं. वर तिचं उत्तरही.

पोरांच्या माना आत वळल्या. बाबांचीही वळली. त्यांचे डोळे म्हणत होते, फक्त हो म्हण.

चरखा थांबला.

"झूट," जैबुनबी म्हणाली. आवाज चढला नाही. "हे कामठीले बहिणीकडं होते. आमच्या पोरीले घटसर्प झाला होता, गळा बंद होऊन राहिला होता. मी म्हटलं, दवाखान्यात चला, तर रुसून गेले. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या लोकायनं तिले माती दिली. चौथ्या दिवशी हे आले. रिकामा पाळणा काही दिसला नाही यायले, छपरावरचा वेल दिसला. म्हणे, भोपळे लागले वं, आज तेच कर."